पहिल्या मानाचा प्लेअर

"संचिका आढळून येत नाही" हा शेरा आप्पा विचाऱ्यांनी सरकारी नोकरीच्या तेहतीस वर्षांत निदान दहा हजार अर्जांवर मारला असेल. तो स्वतःवर मारून घेण्याची पाळी त्यांच्यावर दोन हजार आठ सालच्या डिसेंबरात, एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता आली. मारणारा कॉम्प्युटर होता. त्याने शेरा इंग्रजीत मारला. आप्पांनी तो मनातल्या मनात सरकारी मराठीत आणला, आणि मगच तो त्यांना पुरता लागला.

"अगं, नाही म्हणतोय हा," ते दिवाणखान्यातून ओरडले.

"कोण?" आतून आनंदीबाई.

"हा लॅपटॉप. फाईल सापडत नाही म्हणतो. समोर दिसतेय फाईल, चित्रासकट दिसतेय, आणि हा म्हणतो सापडत नाही!"

"मग तुम्ही काय वेगळं म्हणायचात? ते सावर्ड्याचे गृहस्थ तीन वर्षं खेपा घालत होते. फाईल तुमच्या कोपराखाली असायची."

"ते वेगळं. ती दुसऱ्या टेबलावर जायची होती."

"मग हीही जायची असेल," आनंदीबाई म्हणाल्या आणि नारळ खवायला बसल्या. नारळ खवताना त्यांना दुसऱ्याचं ऐकू येत नाही. निदान त्यांचं तसं म्हणणं आहे.

वस्तुस्थिती अशी होती. कन्या भार्गवी दिवाळीला बंगलोरहून आली होती. माळ्यावर एकेचाळीस व्हिडिओ कॅसेटी पडून होत्या, त्या तिने रत्नागिरीच्या रामआळीत एकाकडून कॉम्प्युटरच्या फायलींत उतरवून घेतल्या. आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरात त्या फायली भरल्या आणि स्वतःचा जुना लॅपटॉप दिवाणखान्यात टीव्हीला जोडून दिला. लॅपटॉपवर एक पान उघडायचं. त्या पानावर एकेचाळीस चित्रं ओळीने मांडलेली, प्रत्येकाखाली नाव. आपल्याला हवं त्या चित्रावर बोट दाबायचं.

"बाबा, हे सगळं आपलं, आपल्याच घरात. बाहेरच्या कुणाचा संबंध नाही," ती म्हणाली होती. हे आप्पांना फार पटलं.

फक्त एक गोष्ट राहिली. ते पान फायली दाखवत होतं, वाजवत नव्हतं. वाजवायला म्हणे 'एक्स्टर्नल प्लेअर' लागतो. म्हणजे दुसराच एक प्रोग्रॅम. पानाने त्याला हाक मारायची, हातात फाईल द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. जेवण घरचं, वाढपी बाहेरचा. हा वाढपी लॅपटॉपमध्ये कुठे राहतो त्याचं नाव आणि पत्ता पानाच्या एका यादीत भरायचा होता.

"तेवढं तुम्ही करा. नेटवरून उतरवा, नाव-पत्ता भरा. दहा मिनिटांचं काम आहे," असं म्हणून भार्गवी गाडीत बसली. हल्लीच्या मुलांचं कुठलंही काम दहा मिनिटांचं असतं. आप्पांच्या काळी दहा मिनिटांचं कामच नव्हतं. सर्वांत लहान काम अर्ध्या दिवसाचं असायचं, आणि त्यात चहा असायचा.

ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाचणे रोडवर चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक मागे घेताना टेलिफोनच्या खांबावर गेला. खांब आडवा झाला आणि आप्पांचा फोन आणि नेट एकदमच गेलं. आप्पा चौकशीला गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी तक्रार शांतपणे लिहून घेतली आणि म्हणाले, "खांब जिथे होता ती जागा कोणाच्या हद्दीत येते, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं की तो कुठे पडला त्याचा विचार करता येईल." आपण सेवेत असताना आपल्याला हे सुचलं नसतं, असं आप्पांनी घरी येऊन प्रांजळपणे कबूल केलं.

आता कोणी म्हणेल, एवढी घाई कसली होती? नेट आल्यावर लावला असता प्लेअर. पण त्या एकेचाळीस फायलींतल्या एका फाईलमध्ये आप्पांची अब्रू होती, आणि येत्या रविवारी बारा माणसं ती बघायला येणार होती.

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली आप्पा अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत राहायला होते. तिथल्या गणेशोत्सवात एक ऐतिहासिक नाटक झालं. लिहिलं होतं स्टोअरकीपर दादू महाडिकांनी. किल्ला काल्पनिक, शत्रू काल्पनिक, फक्त तलवारी खऱ्या पत्र्याच्या. आप्पा किल्लेदार होते. विंगेत प्रॉम्प्टर म्हणून सखाराम तांबे वही घेऊन उभा. तिसऱ्या अंकात किल्लेदाराचं बुरुजावर एक मोठं भाषण आहे, आणि भाषणाच्या शेवटी तो पहारेकऱ्याला एक हुकूम देतो. आप्पांनी भाषण सुरू केलं, हुकमापर्यंत आणलं, आणि ते थांबले. पाच सेकंद गेली. दहा गेली. पंधराव्या सेकंदाला घाबरलेल्या पहारेकऱ्याने स्वतःच्या अक्कलहुशारीने दरवाजा उघडला. शत्रू बाहेर तयारच होता. तो आत शिरला आणि किल्ला सात पानं आधी पडला.

आप्पांचं म्हणणं, सख्याने प्रॉम्प्टच दिलं नाही. सखारामचं म्हणणं, दिलं, तीनदा दिलं, विचाऱ्याच्या डोक्यात शिरलं नाही. हा वाद एकवीस वर्षं चालू होता. वाद असता तरी चाललं असतं. पण कॉलनीतल्या लोकांनी त्याचं क्रियापद केलं. कोणी गॅस बंद करायला विसरलं की, "आज माझं विचारे झालं." पोराचा पेपर कोरा राहिला की, "गणिताला विचारे झाला." आप्पांची बदली झाली, ते निवृत्त झाले, रत्नागिरीत येऊन राहिले, पण क्रियापद अलोऱ्याहून आधीच पोचलेलं होतं. मागच्या वर्षी एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकाची एक ओळ गाळली, तर पंगतीत एक अनोळखी बाई दुसरीला म्हणाली, "विचारे झाले ना हो त्यांचे." आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी जिलबी परत पाठवली.

आणि आता कॅसेट सापडली होती. मेव्हण्याने कॅमेऱ्यावर घेतलेली, संपूर्ण, आवाजासकट. आप्पांनी अलोऱ्याच्या सगळ्या जुन्या मंडळींना रविवारी चार वाजता घावनं-घाटल्याला बोलावलं. सखारामला पोस्टाने पत्र पाठवलं. पत्रात "पुराव्यासह" असा शब्द होता.

तर असा हा प्लेअर.

नेट नाही म्हटल्यावर प्लेअर आणायचा कुठून? हे आप्पांनी सकाळी जिन्यात सहज बोलून दाखवलं. रत्नागिरीत जिन्यात सहज बोलून दाखवलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सार्वजनिक होते. सहा वाजता वरच्या मजल्यावरचे देवदत्तराव पटवर्धन खाली आले. हे गोळपला आंब्याची बाग असलेले गृहस्थ, वय पंचाहत्तर. हातात सीडी.

"हा घाला," ते म्हणाले. "आमच्या पुतण्याने दुबईहून आणलाय. विमान चालवल्यासारखा वाटतो."

तो खरोखरच विमानासारखा होता. बावीस बटणं होती आणि उतरायचं कसं ते कळत नव्हतं.

सात वाजता समोरच्या ब्लॉकमधल्या दर्शनाताई आल्या. त्या कॉम्प्युटरचा क्लास घेतात, त्यामुळे समोरच्याने उत्तर वहीत लिहून घ्यावं अशा बेताने बोलतात. "आप्पा, देवदत्तकाकांचा घातलात? घाला, वाईट नाही. पण तांत्रिकदृष्ट्या माझा बरोबर आहे." त्यांनीही सीडी दिली.

दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्त करणारा केरू पाष्टे जाता जाता डोकावला. त्याच्या सीडीवर निळ्या शाईने 'समदा' एवढंच लिहिलं होतं. "आप्पानू, ह्यो समदा खातो. मोडकी फाईल पन खातो. त्या बाकीच्यांच्या नादी लागू नका. पन मी सांगितलं असा बोलू नका."

एखाद्या व्यवहारी माणसाने तिन्हीपैकी एक ठेवला असता. आप्पांनी तिन्ही घातले. शेजाऱ्याने पायऱ्या उतरून आणून दिलेली वस्तू तशीच परत करायची, हे त्यांच्या घरात कोणी केलेलं नव्हतं. शिवाय लॅपटॉपबरोबर आलेला एक मूळचा प्लेअर होताच, तो घरचाच. असे चार झाले.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक प्लेअर आत येऊन स्थिरावला की शेवटी एक प्रश्न विचारी: "मला आपला मुख्य प्लेअर करावं काय?" खाली 'होय' आणि 'नाही'. आप्पांनी तिघांनाही 'होय' म्हटलं. दारात आलेल्याने इतक्या नम्रपणे विचारल्यावर तोंडावर नाही म्हणायचं? बरं, प्रश्न तिथेच संपेना. तिघेही दर वेळी उघडले की तेच विचारत. आप्पा दर वेळी तिघांनाही होय म्हणत. एकाला होय म्हटलं की आधीच्याचं पद जाई, आणि आधीचा पुढच्या वेळी उघडला की आपलं पद गेलेलं पाहून पुन्हा विचारी. असे तीन-तीन मुख्य प्लेअर दिवसभर आळीपाळीने राज्य करू लागले.

त्यात भार्गवीच्या त्या पानावरची यादी. यादीत जो पहिला, त्यालाच पान आधी हाक मारणार. पहिला कोण?

इथे आप्पांचं बोट यादीवरच अडलं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यात. तिथे शिमग्याला पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून एके वर्षी दोन घरांचं बिनसलं, आणि देव नऊ दिवस वेशीवर, एका काजूच्या झाडाखाली बसून होता. तहसीलदार आले, फौजदार आले, शेवटी पाऊस येईल या भीतीने तोड निघाली. आप्पा तेव्हा आठ वर्षांचे होते. मान म्हणजे काय चीज आहे हे त्यांना त्या दिवसापासून ठाऊक होतं. यादीतलं पहिलं नाव म्हणजे पहिला मान. उगाच कुणाचंही लिहून चालत नाही.

वयाच्या मानाने देवदत्तरावांचा पहिला लावला. दर्शनाताई सकाळी वाटी मागायला आल्या, त्यांनी यादी पाहिली. "अस्सं," एवढंच म्हणाल्या. त्या 'अस्सं'मध्ये त्यांचा पूर्ण क्लास होता. त्या गेल्यावर आप्पांनी त्यांचा पहिला केला. दुपारी देवदत्तराव आले तेव्हा आप्पांनी दाराची कडी काढायच्या आधी यादी पुन्हा उलटी केली. "कोण आहे?" विचारायचं, आवाज ओळखायचा, यादी बदलायची आणि मग दार उघडायचं, अशी पद्धत पडली. केरू मात्र दाराशी येतच नसे. तो रस्त्यावरून सायकल हळू करून विचारी, "माझा वाजला काय, आप्पानू?"

"वाजेल, वाजेल," आप्पा खिडकीतून म्हणत.

वाजत कोणाचाच नव्हता. मंगळवारी सव्वादहाला जो शेरा बसला तो चारही प्लेअरांनी एकमुखाने दिला. बाकी कशावर त्यांचं एकमत नव्हतं, पण संचिका आढळून येत नाही यावर होतं.

कारण बुधवारी दर्शनाताईंनी शोधलं, आणि ते आप्पांना लाजेने आणखी कोणाला सांगता आलं नाही. दिवाळीनंतर भार्गवीने दिलेली नावं त्यांना उठवळ वाटली होती. 'नाटक तीन' हे काय नाव झालं? आप्पांनी एकेचाळीस फायलींना रीतसर नावं दिली. किल्ल्याच्या फाईलचं नाव इंग्रजी लिपीत असं होतं: 'सन १९८७ सार्वजनिक गणेशोत्सव अलोरे ऐतिहासिक नाटक अंक तिसरा मूळ प्रत'. पान हे सगळं नाव प्लेअरच्या हातात देत होतं, आणि प्लेअर पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबत होता. त्याला वाटे, फाईलचं नाव 'सन'. तो बिचारा घरभर 'सन' नावाची फाईल शोधून परत येई.

"अवतरणचिन्हं घाला दोन्ही बाजूंना," दर्शनाताई म्हणाल्या. "म्हणजे सगळं एकत्र आहे हे त्याला कळतं."

"एवढंच?"

"एवढंच. पण नावं अशी कोण देतं, आप्पा?"

"जो पूर्वी अशा फायली शोधत असे तो," आतून आनंदीबाई म्हणाल्या.

शनिवारी रंगीत तालीम. आप्पांनी आंघोळ केली, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, किल्ल्यावर बोट दाबलं.

पहिल्या मानाचा, म्हणजे देवदत्तरावांचा प्लेअर उघडला. चित्र आलं. आख्खं हिरवं. हिरवा किल्ला, हिरवे मावळे, आणि मधोमध किल्लेदाराच्या वेशात एक काकडी उभी. आवाज नाही.

दुसरा, दर्शनाताईंचा. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, पण दोघांची ओळख नाही. आवाज आधी येई, तोंड नंतर हले. शत्रूची मरणाची किंकाळी येई आणि मग काही वेळाने त्याच्यावर वार होई.

तिसरा, केरूचा. त्याने फाईल खाल्ली खरी, पण तिथे आवाज मागे. आप्पा बुरुजावर चढून भाषण करून थांबले तरी खालून पहिल्या प्रवेशातली दासी बोलत होती.

चौथ्या, घरच्या प्लेअरला कोणी मान दिला नव्हता. तो रुसला होता की काय देव जाणे. त्याचा पडदा काळाकुट्ट, आवाज तेवढा खणखणीत; आप्पांनी तो दोन वाक्यांत बंद केला.

आप्पांनी मोबाईलवरून भार्गवीला गाठलं.

"बाबा, चार कशाला घातलेत? ते आतल्या आत भांडतायत एकमेकांशी! एक ठेवा. बाकीचे काढून टाका."

"काढून टाकू? उद्या देवदत्तराव समोर बसणार आहेत. दर्शनाताई येणार आहेत. केरूने नवा शर्ट शिवलाय, भार्गवी!"

"मग नाटक दिसणार नाही."

"अगं, पण दिसतंय ना. प्रत्येकात थोडं थोडं."

मग भार्गवी म्हणाली, "आईला फोन द्या."

आनंदीबाईंनी फोन घेतला, तीनदा "हं" म्हटलं, आणि ठेवला. "काय म्हणाली?" आप्पांनी विचारलं. "तुमची तब्येत बरी आहे ना, विचारत होती."

रविवारी चार वाजता अलोरे आलं. बारा माणसं, त्यात तीन गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. दादू महाडिक काठी टेकत आले. त्यांच्या मागोमाग सखाराम तांबे, मफलर गुंडाळून, एसटीने. आल्या आल्या त्याने हॉलभर नजर फिरवली.

"काय विचाऱ्या, पुरावा कुठंय?"

"बस तू, सख्या. बस. आता तोंड लपवायला त्या मफलरचा उपयोग होईल."

शेजारी आधीच येऊन बसले होते. तिघेही टीव्हीकडे बघत होते, पण तिघांचा डोळा यादीवर होता. आप्पांनी रात्रभर विचार करून तोड काढली होती: सगळ्यांना मान. आधी देवदत्तरावांवर थोडं दाखवायचं, मग दर्शनाताई, मग केरू. हिरवं चित्र पाहून देवदत्तराव स्वतःच म्हणाले, "झकास! रंग कसे ताजे राहिलेत!" त्यामुळे पहिला मान निर्विघ्न पार पडला.

तिसरा अंक दर्शनाताईंच्या प्लेअरवर लागला. बुरुजावर आप्पा दिसले. एकवीस वर्षांनी तरुण, मिशा लावलेले, छाती पुढे. सगळ्यांनी "वा!" म्हटलं. भाषण रंगलं. मग हॉलमधल्या गलक्यात काहीतरी कुजबुजल्यासारखा आवाज आला, आणि त्यानंतर आप्पांचं तोंड थांबलं.

"हे बघा!" सखाराम उभा राहिला. "प्रॉम्प्ट आधी आलं! हा अजून बोलतोय आणि मी पुढचं देऊनसुद्धा मोकळा! यापेक्षा लवकर काय देऊ, घरी येऊन देऊ?"

"आवाज पुढे धावतोय त्याचा," आप्पा ओरडले. "केरू, तुझा लाव!"

केरू उठला. इतका वेळ त्याने दाबून ठेवलेलं हसू चेहरा भरून बाहेर आलं. त्याच्या प्लेअरवर तोच प्रवेश लागला. आप्पा थांबले. पंधरा सेकंदं तसेच उभे. पहारेकऱ्याने दरवाजा उघडला, शत्रू आत आला, किल्ला पडला, निशाण उतरलं, आणि मग कुठे हॉलमधल्या कालव्यातून कुजबुजीसारखं काही आलं.

"आता बोल!" आप्पांनी टेबलावर हात मारला. "किल्ला पडल्यावर प्रॉम्प्ट! कशाला, आठवण म्हणून?"

त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण आहे. बारा माणसांत सहा केरूकडे झुकली, पाच दर्शनाताईंकडे. देवदत्तरावांनी हिरवाच बरोबर असा तिसरा पक्ष काढला. गुडघेवाल्यांपैकी दोघे उभे राहिले. लेखक म्हणून दादू महाडिकांना मत विचारलं, तर ते म्हणाले, "खरं सांगू? मला ती शांतता फार आवडली होती. मी वहीत लिहून ठेवली."

"पण खरं कुठलं, दर्शनाताई? तुम्ही सांगा," आप्पा काकुळतीला आले. "तांत्रिकदृष्ट्या!"

"तांत्रिकदृष्ट्या," दर्शनाताई चाचरल्या, "दोन्ही नाही."

आनंदीबाई उलथनं घेऊन दारात उभ्या होत्या. घावनांची दुसरी खेप व्हायची होती आणि हा तंटा मिटत नव्हता. "अहो," त्या म्हणाल्या, "तो घरचा प्लेअर लावा ना. ज्याच्यात नुसता आवाज येतो तो."

"त्यात चित्र नाही."

"चित्र कशाला पाहिजे? भांडण आवाजाचं आहे ना? तुमचं शेवटचं वाक्य कधी आणि भाऊजींची कुजबुज कधी, एवढंच ऐका. एकाच आवाजात दोन्ही आहे. त्यात पुढे-मागे काय होणार?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ शेरा आप्पांनी ऐकला नव्हता. त्यांनी घरच्या प्लेअरला हाक मारली. त्याने काही न विचारता फाईल घेतली.

पडदा काळा. सगळी माणसं त्या काळ्या पडद्याकडे डोळे लावून बसली. आप्पांचा तरुण आवाज हॉलमध्ये घुमू लागला. "या बुरुजाचा चिरा न् चिरा मला ओळखतो..." सखारामने मफलर सोडला. आप्पा टेबलाची कड धरून उभे. आवाज चढला, भाषण हुकमापर्यंत आलं, आता येणार, आता...

आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याला खेटून बसल्यासारखा, एका बाईचा स्पष्ट आवाज आला:

"आता बघा हं वैनी, इथे हे अडकणार. घरी रोज इथेच अडकतात."

त्यानंतर पंधरा सेकंदं काही नाही. मग दरवाज्याची करकर.

सोळा चेहरे सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

"माझा भाऊच घेत होता ना शूटिंग," आनंदीबाई म्हणाल्या. "मी त्याच्या शेजारी बसले होते." त्यांनी उलथनं दुसऱ्या हातात घेतलं. "मग त्यात खोटं काय बोलले?"

"पण वहिनी," सखाराम हळू म्हणाला, "मी प्रॉम्प्ट दिलं की नाही, ते तुमच्या बोलण्याखाली गेलं."

"म्हणजे मलाही ऐकू गेलं नसणार!" आप्पांनी शेवटचा हात टाकला.

"तुम्ही स्टेजवर होतात, मी चौदाव्या रांगेत," आनंदीबाई म्हणाल्या. "आणि ऐकू गेलं नाही तर काय झालं? तोंडपाठ असायला नको? महिनाभर पोळ्या लाटताना माझ्यासमोर घोकत होतात. मला नाही झालं पाठ?"

"काय सांगता!" दादू महाडिक काठीवर पुढे सरकले.

"हो, मग." त्यांनी पदर खोचला. "'या बुरुजाचा चिरा न् चिरा मला ओळखतो. माझ्या बापाने तो वाहून आणला, माझ्या आजोबांनी तो घडवला. समुद्र इथे रोज डोकं आपटून परत गेला आहे. वारा फिरला, माणसं फिरली, पण ही भिंत कधी कोणाकडे पाठ करून उभी राहिली नाही. तुम्ही मला एकटा म्हणता? माझ्या मागे हा डोंगर आहे आणि पुढे माझी जबान!'" शेवटच्या शब्दाला उलथनं वर गेलं होतं. दादू महाडिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं नाटक एवढं कोणी मन लावून केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

आनंदीबाईंनी उलथनं खाली घेतलं. "आता पुढचं तुमचं," त्या आप्पांना म्हणाल्या.

सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पांनी छाती पुढे काढली. हात वर नेला. तोंड उघडलं.

पाच सेकंद गेली.

दहा.

आप्पांचा हात हवेतच होता, आणि चेहरा अगदी पडद्यावरच्या किल्लेदाराचा झाला होता. केरूने मान खाली घातली. दर्शनाताईंनी नखं बघितली.

तेव्हा सोफ्यावरून, मफलरच्या आतून, ओठ न हलवता, एक खालच्या पट्टीतली पण स्वच्छ कुजबुज आली. शेवटच्या माणसापर्यंत पोचेल आणि तरी कोणाला वाटणार नाही की कोणी बोललं, अशी.

"दरवाजा उघडू नका."

आप्पांनी सखारामकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्यांनी ते वाक्य घेतलं.

"दरवाजा उघडू नका!" ते असे गरजले, की वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला.

कोणी उघडला नाही.